बाजारात तुरी, घरात गाडीवरून वाद

पत्राचा सारांश: पुण्यात आयटी कंपनीत नोकरीला असलेले, चाळिशीला टेकलेले एक वाचक लिहितात: "सहा-सात वर्षं पैसे साठवून ऑन-रोड साठ लाखांपर्यंत तयारी केली आहे. मला फोक्सवॅगनची गोल्फ आर हवी आहे. ती भारतात येणार असं ऐकतो, पण कंपनीकडून ठोस काही नाही. एक युट्यूबवाला म्हणतो, युरोपशी करार झाला, आता ४५ लाखांत मिळेल. दुसरा म्हणतो, सव्वा कोटीच्या खाली शक्यच नाही. पॉवरचे आकडेही प्रत्येकाचे वेगळे. दरम्यान गोल्फ जीटीआय किंवा स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस कुठे शिल्लक असेल तर ती घ्यावी का, असंही मनात येतं. बायकोचं म्हणणं, जी गाडी आलीच नाही तिच्यावरून रोज रात्री हिशेब कसले करतोस? थांबू, की मिळेल ती घेऊ?"

तुमच्या पत्नीचा प्रश्न रास्त आहे, पण हिशेब करणं चूक नाही. तो कोणत्या टोकापासून सुरू करायचा, एवढंच चुकलं आहे. पत्रातले ४५ लाख आणि सव्वा कोटी हे दोन्ही आकडे हवेतून आलेले नाहीत. दोघांनीही गुणाकार बरोबर केला आहे, गुणायला घेतलेला आकडा चुकीचा आहे.

सव्वा कोटी असे येतात. जर्मनीत गोल्फ आरची किंमत ५५ हजार युरोच्या आसपास. युरो १०५ रुपये धरला की पावणेअठ्ठावन्न लाख होतात. त्यावर ११० टक्के आयात कर लावला की एक कोटी वीस लाखांच्या वर. जीएसटी तर अजून लागलेलाच नाही. यात तीन घोटाळे आहेत. जर्मनीतल्या किमतीत तिथला १९ टक्के व्हॅट असतो, तो निर्यातीच्या गाडीवर लागत नाही. त्या किमतीत तिथल्या डीलरचं कमिशन असतं, तेही इथे येत नाही. आणि ११० टक्के हा दर सरसकट नाही. पूर्ण तयार होऊन येणाऱ्या गाडीचं विमा-भाड्यासह आयातमूल्य ४० हजार डॉलरच्या वर असेल, किंवा पेट्रोल इंजिन ३००० सीसीपेक्षा मोठं असेल, तरच तो लागतो. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पापासून तो ७० टक्के मूळ सीमाशुल्क अधिक ४० टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर असा मांडला जातो, बेरीज तीच. त्याखालच्या गाड्यांना ७० टक्के. गोल्फ आरचं इंजिन १९८४ सीसीचं, म्हणजे प्रश्न फक्त डॉलरचा उरतो.

आणि हे आयातमूल्य म्हणजे शोरूमची किंमत नव्हे. जर्मनीतली मूळ कंपनी आपल्या भारतीय कंपनीला ज्या भावात गाडी देते, तो भाव. तो कुठे छापलेला नसतो. पण ज्या भावंड गाडीची इथली किंमत जाहीर झाली आहे, तिच्यावरून उलट मोजत गेलं की पुरेसा जवळ सापडतो. तुमच्या बाबतीत ती गाडी आहे गोल्फ जीटीआय.

जीटीआय २६ मे २०२५ ला ५२.९९ लाख एक्स-शोरूमला आली. तेव्हा १५०० सीसीवरच्या, एसयूव्ही नसलेल्या गाडीला २८ टक्के जीएसटी आणि २० टक्के उपकर होता, एकूण ४८. म्हणून ५२.९९ ला १.४८ ने भागा: ३५.८० लाख. त्यातून डीलर आणि आयात करणारी कंपनी यांचा वाटा काढायचा. तो मी दहा टक्के धरतो. हे गृहीतक आहे, तुम्ही बारा धरा, फार बिघडत नाही. १.१० ने भागल्यावर ३२.५५ लाख. आता ७० टक्के शुल्क काढायला १.७० ने भागा: १९.१५ लाख. त्या वेळच्या दराने हे साधारण २२ हजार डॉलर होतात, म्हणजे गाडी ४० हजारांच्या पुष्कळ खाली आणि ७० टक्क्यांचं गृहीत बरोबर. युरोत मोजलं तर वीस हजारांच्या आत. जर्मनीत जीटीआय ४५ हजारांच्या आसपास मिळते, व्हॅट काढून पावणेअडतीस. म्हणजे भारतीय कंपनीला ती व्हॅटविरहित किमतीच्या निम्म्या भावात पडत असावी. सव्वा कोटीचा अंदाज कोसळतो तो इथे.

गोल्फ आर जर्मनीत जीटीआयपेक्षा साधारण २२ टक्क्यांनी महाग. तेच प्रमाण ठेवलं तर आयातमूल्य २३.४ लाख. शुल्कासह ३९.८, दहा टक्के वाटा धरून ४३.८. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला आणि या वर्गाला सरळ ४० टक्के जीएसटी आला, म्हणून गुणिले १.४०: एकसष्ट लाखांच्या थोडं वर. मात्र यात युरो मे २०२५ चा आहे, ९६-९७ रुपयांचा. युरो दहा टक्क्यांनी महाग धरला तर आकडा ६७ वर जातो, कारण रुपयाच्या घसरणीवर शुल्क आणि जीएसटी दोन्ही चढतात. म्हणजे आजच्या शुल्कात गोल्फ आर आलीच, तर एक्स-शोरूम ६० ते ६८ लाख धरून चाला. पन्नाशीत नाही आणि कोटीतही नाही.

ही रीत भरवशाची आहे का, ते दोन गाड्यांवर तपासून बघता येतं. जीटीआयची किंमत नव्या जीएसटीत बसवली (५२.९९ भागिले १.४८, गुणिले १.४०) की ५०.१३ लाख येतात. त्यानंतर, १७ ऑक्टोबर २०२५ ला, तेच इंजिन आणि तीच २६५ पीएस (युरोपीय मापाची अश्वशक्ती) ताकद घेऊन स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आली ती ४९.९९ लाखांना. दुसरी फोक्सवॅगनचीच टिगुआन आर-लाइन. ती ४८.९९ लाखांची होती आणि एसयूव्ही म्हणून तिच्यावर ५० टक्के कर होता. ४८.९९ भागिले १.५०, गुणिले १.४० केलं की ४५.७२ येतात. कंपनीने जाहीर केलेली कपात होती ३.२७ लाखांची, म्हणजे हिशेब जवळजवळ पैशाला पैसा जुळला. ज्यांना दुसऱ्या कुठल्या आयात गाडीचा अंदाज काढायचा आहे, त्यांनीही असंच करावं: त्याच कंपनीची, त्याच कारखान्याची, इथे आधी आलेली गाडी धरायची आणि परदेशातल्या दोन किमतींचं गुणोत्तर लावायचं.

एक कडा मात्र लक्षात ठेवा. आयातमूल्य ४० हजार डॉलर ओलांडलं की शुल्क ७० वरून थेट ११० वर उडी मारतं आणि अंतिम किंमत सुमारे साडेतेवीस टक्क्यांनी वाढते. गोल्फ आर २७-२८ हजारांत बसते, तिला धोका नाही. पण कोणी तुम्हाला "कंपनी आणत नसेल तर आम्ही एक गाडी खासगीत आणून देतो" म्हणालं, तर तिथे आयातमूल्य म्हणजे जवळपास शोरूमचाच भाव. व्हॅट काढूनही ४६ हजार युरो, वर भाडं-विमा. लगेच ११० टक्क्यांत. एक कोटी चाळीस लाखांच्या घरात जाऊन पडाल आणि वर प्रकार मान्यतेची, म्हणजे गाडी इथल्या नियमांत बसते हे चाचण्यांनी सिद्ध करण्याची (होमोलोगेशन) कटकट. कंपन्यांना ती कटकट नसते ती एका सवलतीमुळे: युरोपीय किंवा जपानी मानकांना उतरलेल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या वर्षाला अडीच हजारांपर्यंत इथल्या होमोलोगेशन चाचण्यांशिवाय आणता येतात. हा कोटा खासगी माणसासाठी नाही.

आता ४५ लाखांचं. भारत आणि युरोपीय संघ यांच्यातल्या मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याचं २७ जानेवारी २०२६ ला जाहीर झालं. त्यात मोटारींवरचं शुल्क वर्षाला अडीच लाख गाड्यांच्या मर्यादेत टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरणार आहे. तुमच्या युट्यूबवाल्याने मधल्या एखाद्या टप्प्याचा दर घेतला आणि तो आजच लागू आहे असं धरलं. शुल्क ३० टक्के ठेवून आपलाच हिशेब पुन्हा केला तर ६१ चे ४७ लाख होतात, ते गोल करून ४५ झाले असावेत. पण वाटाघाटी संपणं वेगळं आणि बंदरात कमी शुल्काने गाडी सुटणं वेगळं. मधे कायदेशीर छाननी, स्वाक्षऱ्या, युरोपीय संसदेची मंजुरी, मग इथली अधिसूचना. अधिसूचना निघाल्यावरही वाचलेला सगळा पैसा ग्राहकाच्या पदरात पडेल असं नाही. शंभर-दीडशे गाड्या आणायच्या आणि त्या किंमत सांगण्याआधीच संपायच्या, अशा बाजारात कंपनीने थोडं स्वतःकडे ठेवलं तर मला नवल वाटणार नाही.

कराराचा लाभ गाडीच्या बोधचिन्हाला मिळत नाही, ती जिथे बनते त्या जागेला मिळतो, हेही बघावं. गोल्फ वोल्फ्सबुर्गला बनते, ऑक्टाव्हिया झेक प्रजासत्ताकातल्या म्लादा बोलेस्लावला, त्यामुळे त्या युरोपीय. बीएमडब्ल्यू एम२ मात्र मेक्सिकोतल्या सान लुईस पोतोसीत बनते. तिच्यासाठी या करारावर आस लावून बसलेल्यांनी दुसरी आशा शोधावी.

करारामुळे थांबायचं की नाही, याला मी उलट बाजूनेही बघतो. आज ७० टक्के शुल्क भरून घेतलेली गाडी तीन वर्षांनी विकायला काढाल, तेव्हा नवी गाडी बरीच स्वस्त झालेली असू शकेल. सेकंडहँडचा भाव नव्याच्या किमतीला बांधलेला असतो. दर तीन-चार वर्षांनी गाडी बदलायची सवय असेल तर हा तोटा मोठा आहे. दहा वर्षं ठेवणार असाल तर फारसा नाही. तुमच्या पत्रात हे कुठेच नाही आणि माझ्या मते निर्णय बराचसा यावरच ठरतो.

आता साठ लाखांचं. तुम्ही लिहिलंय ऑन-रोड, आणि इथे महाराष्ट्रातला माणूस हमखास फसतो. वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला आपल्याकडे १३ टक्के रोड टॅक्स, हे सगळ्यांना पाठ असतं. पण पूर्ण आयात झालेल्या गाडीला, तशीच कंपनीच्या नावावर घेतलेल्या गाडीला, २० टक्के लागतो. १ जुलै २०२५ पासून या कराच्या रकमेची कमाल मर्यादा वीसवरून तीस लाखांवर गेली, ती तुमच्यापर्यंत पोचत नाही. ६१ लाखांवर २० टक्के म्हणजे १२ लाख २० हजार. एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने तुमच्याकडून घेऊन सरकारजमा करायचा आयकर) ६१ हजार, तो आयकर विवरणपत्रात वळता करून मिळतो, पण आज खिशातून जातो. पहिल्या वर्षाचा सर्वंकष विमा दोन-अडीच लाख धरा. त्यातला तीन वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता, १५०० सीसीवरच्या गाडीसाठी, २४,५९६ रुपये ठरलेलाच. बेरीज ७६ लाखांच्या पुढे जाते. युरोने साथ दिली नाही तर त्र्याऐंशी. म्हणजे आजच्या शुल्कात गोल्फ आर तुमच्या तयारीत बसत नाही, आली तरी. पन्नास लाखांची जीटीआय किंवा आरएस याच हिशेबाने साडेबासष्टला पडते, म्हणजे तीसुद्धा काठावर.

त्यावर कोणीतरी सांगेलच, गाडी दुसऱ्या राज्यात पासिंग करून आण. बारा महिन्यांहून जास्त ती इथे फिरली की नवी नोंदणी करावी लागते आणि इथला कर भरावा लागतो. भाडेकरार दाखवून पत्ता उभा करणारे एजंट आहेत, त्यांच्या नादी लागू नका. सरळ मार्ग एक आहे, भारत सीरिज, म्हणजे बीएच, देशभर चालणारा नोंदणी क्रमांक. तुमच्या कंपनीची कार्यालयं चार किंवा जास्त राज्यांत असतील तर तुम्ही पात्र ठरता. वीस लाखांवरच्या गाडीला तिथे १२ टक्क्यांचा दर आहे, तो जीएसटी वगळून बिलाच्या रकमेवर मोजतात आणि दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो. बुकिंगच्या आधी आरटीओत आणि डीलरकडे दोन्हीकडे विचारून घ्या, कारण पुष्कळ डीलर बीएचचं काम अंगाला लावून घेत नाहीत. धंदा असलेल्या वाचकांसाठी जाताजाता: आयात गाडीला २० टक्के तसाही लागतोच, त्यामुळे ती फर्मच्या नावावर घेतल्याने रोड टॅक्स वाढत नाही. जीएसटीची वजावट मात्र मिळत नाही.

पॉवरच्या आकड्यांचा गोंधळ सोपा आहे. अमेरिकेतले व्हिडिओ बघू नका. तिथली जीटीआय २४१ अश्वशक्तीची, आपल्याकडे आलेली २६५ पीएस आणि ३७० न्यूटन मीटरची. गोल्फ आर सध्या युरोपात ३३३ पीएस, ४२० न्यूटन मीटर, शंभरला ४.६ सेकंद. ४०० चा आकडा ज्याने सांगितला त्याला सोडून द्या. आपल्याकडे येणारी गाडी उजव्या स्टिअरिंगची आणि युरोपीय मानकांची असते, म्हणून ब्रिटनमधलं माहितीपत्रक उघडा, तेच सगळ्यात जवळचं.

त्यातसुद्धा इंजिनचं पान बघण्यात अर्थ नाही, इंजिन बहुधा जसंच्या तसं येतं. कात्री चालते ती जादा पैसे मोजून घ्यायच्या वस्तूंवर. इथे गाडी एकाच ठरलेल्या स्वरूपात येते, रंग सोडला तर निवड नसते. युरोपात गोल्फ आरला बदलत्या कडकपणाचे डॅम्पर (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) आणि टायटॅनियमचा एग्झॉस्ट जादा पैशांत मिळतात. भारतातल्या जीटीआयला असे डॅम्पर मिळाले नाहीत, म्हणून आरलाही मिळणार नाहीत असंच धरा, मिळाले तर बोनस. डॅम्परचं महत्त्व का, तर चाकांमुळे. जीटीआय इथे २२५/४० आर१८ टायरवर आली. टायरच्या भिंतीची उंची २२५ चे ४० टक्के, म्हणजे ९० मिलिमीटर. आरला एकोणीस इंची चाकं आली तर २३५/३५, भिंत ८२. हा आठ मिलिमीटरचा फरक कात्रज-देहू रस्त्यावरच्या खड्ड्यात रिम वाकण्या न वाकण्याचा आहे. टायर-रिमचा विमा वेगळा घ्या, इंजिन संरक्षण आणि झिरो डेप्रिसिएशनही घ्या. जीटीआयचा ग्राउंड क्लिअरन्स रिकाम्या गाडीला १३६ मिलिमीटर आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्यावरून ती जाते. सोसायटीच्या फाटकात वॉचमनच्या सांगण्यावरून ओतलेला सिमेंटचा उंचवटा त्या मापाचा नसतो. फूटपट्टी घेऊन तो मोजा, चार माणसं बसल्यावर गाडी आणखी खाली बसते हे धरून. पार्किंगच्या उताराचा माथाही बघा, पुढचा बंपर आधी तिथेच घासतो.

पेट्रोलचं एवढंच: टाकीच्या झाकणाच्या आत किमान किती आरओएन (ऑक्टेन) आणि किती इथेनॉल चालतं ते छापलेलं असतं. ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, चालतं का आणि वॉरंटी त्याने बाधित होते का, याचं उत्तर डीलरकडून ईमेलवर घ्या. तोंडी "चालतंय की" पुरत नाही.

मग काय करावं? माझं मत सांगतो. गोल्फ आरसाठी म्हणून थांबू नका. जाहीर न झालेल्या आणि तयारीच्या पंधरा-वीस लाख वर असलेल्या गाडीसाठी थांबणं हे थांबणंच नव्हे. शुल्क उतरण्यासाठी थांबायचं असेल तर ते वेगळं आणि शहाणपणाचं आहे. सध्याची गाडी चालू असेल, तर करार लागू झाल्याची अधिसूचना निघेपर्यंत पैसे अल्पमुदतीच्या ठेवीत राहू द्या. त्या दिवशी हाच हिशेब १.७० च्या जागी नवा आकडा घालून पुन्हा करा. ३० टक्क्यांना गोल्फ आर ऑन-रोड साठच्या आत येते, ३५ ला काठावर. ज्यांना इतका धीर नाही आणि दहा वर्षं गाडी ठेवायची आहे, त्यांनी जीटीआय किंवा आरएस पुढच्या खेपेत मिळाली तर खुशाल घ्यावी. तयारी ऐंशी-नव्वद लाखांची असलेल्या वाचकांनी चेन्नईत जुळणी होणारी बीएमडब्ल्यू एम३४०आय आधी चालवून बघावी: ३७४ अश्वशक्ती, रोड टॅक्स १३ टक्के, आणि आयात गाडीचा बंपर येईपर्यंत लागतो तितका वेळ तिच्या सुट्या भागांना सहसा लागत नाही.

पुढच्या खेपेचं बुकिंग कसं उघडतं हे आधीच समजून घ्या, तेव्हा विचार करायला वेळ नसतो. जीटीआयचं पूर्वबुकिंग ५ मे २०२५ ला २.६५ लाख रुपयांवर सुरू झालं आणि किंमत कळली ती तीन आठवड्यांनी. ऑक्टाव्हिया आरएसच्या शंभरही गाड्या किंमत जाहीर होण्याआधी गेल्या. म्हणजे सही करताना किंमत तुमच्यासमोर नसणार. तुमची एक्स-शोरूमची कमाल मर्यादा पत्नीसोबत बसून आजच ठरवा. तुमच्या साठ लाखांत ती सुमारे अठ्ठेचाळीस निघते, बीएच मिळालं तर थोडी वर. बुकिंगच्या वेळी डीलरकडून तीन गोष्टी लेखी घ्या: किंमत कळल्यावर रद्द केलं तर पूर्ण रक्कम किती दिवसांत परत, बिल बुकिंगच्या दिवसाच्या किमतीने की डिलिव्हरीच्या, आणि मधल्या काळात शुल्क उतरलं तर त्याचा फायदा तुम्हाला मिळणार का. तिसऱ्यावर डीलर बहुधा टाळाटाळ करेल. तसं झालं तर बुकिंगचे पैसे द्या, पण गाडीचं बिल फाडण्याआधी शुल्काची ताजी स्थिती एकदा बघून घ्या.